बगीच्याकडे लक्ष असू द्या

पांढुर्णा,
६ डिसेंबर २०२४

चि. गायत्री,

पोटभर आशीर्वाद. पत्राच्या वर 'गं. भा.' लिहायचं असतं म्हणतात. मी लिहिणार नाही. माझ्या भावाच्या बायकोला नाव आहे.

सोमवारी माझी सून पूनम शाळा सुटल्यावर तुझ्या दाराशी बराच वेळ उभी होती. आत दिवा होता, तू होतीस, आणि दार उघडलं नाहीस. डबा तिने पायरीवर ठेवला, तो तिच्या डोळ्यांदेखत कुत्र्याने उलटा केला. माझ्या हातच्या पुरणपोळ्या कुत्र्याने खाल्ल्या याचा मला राग नाही. निदान कोणी तरी खाल्ल्या.

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी मला ऐकू येत नाही. कानातलं मशीन नुसतं शिट्ट्या मारतं. म्हणून हे पत्र. सून रोज बसने सौंसरला शिकवायला जातेच, तिच्या पर्समध्ये आपलं टपाल बसेल. उत्तर द्यायचं.

रघुनाथला जाऊन दहा महिने झाले. मोहगावला याच कमरेवर त्याला घेऊन मी गावभर हिंडले आहे, तेव्हा रडू नकोस असं मी तुला कशाला सांगेन? पण तू रडतही नाहीस. नुसती बसून असतेस. माझे हे गेले तेव्हा मीही अशीच अंथरूण धरून होते. मग एके दिवशी मुगाची खिचडी केली आणि सरकारी दवाखान्यात ज्यांचं कोणी नाही त्यांना नेऊन दिली. मन मारून गेले होते. पण जात राहिले, आणि पुढे एकदा घरात मोठ्याने हसले तर पूनम दचकली. दुसऱ्यासाठी जीव तुटायला लागला की आपल्या जिवाला उसंत मिळते. हे मी पोथीतलं सांगत नाही, खिचडीतलं सांगते आहे.

तुझ्या शेजारी माणसं आहेत ना? त्यांचं काही कर.

तुझी,
वच्छलाताई


सौंसर,
११ डिसेंबर

ती. वच्छलाताई यांना नमस्कार.

दार उघडलं नाही, चुकलं. उघडलं असतं तर पूनमने 'कशा आहात मामी' असं विचारलं असतं, आणि त्याचं उत्तर मला येत नाही.

जबलपूरच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी सगळा संसार केला. निवृत्त झाल्यावर यांना आपल्या मुलखाची ओढ लागली. गावाबाहेर मोहगाव रस्त्याला घर बांधलं आणि भिंतींचा रंग वाळायच्या आत मला इथे ठेवून निघून गेले. एका अंगाला कापूस, दुसऱ्या अंगाला वामनरावांचा संत्र्याचा बगीचा. मला यातलं काहीच कळत नाही. मी आयुष्यभर संत्री हातगाडीवरच पाहिली.

परवा वामनरावांच्या बायकोला, मीनाला, नागपूरला नेलं. पोटात गाठ आहे. गाडीत बसवलं तेव्हा तिचा एक पाय बाहेरच राहिला, आणि तो आत घ्यायची ताकद तिच्यात नव्हती. वामनरावांनी उचलून आत ठेवला. मी फाटकाशी उभी राहून पाहत होते, आणि ताई, मला काहीच वाटलं नाही. हे गेले तेव्हा याच बाईने किती दिवस माझ्याकडे चहा आणि भाकरी पाठवली होती. मी वाट पाहिली, आत काही हलतंय का. नाही हललं. भिंत जशी रस्त्याकडे पाहते तशी मी पाहत होते.

तुम्ही म्हणता, जीव तुटू दे. तुटायला तो शिल्लक तर हवा! कधी कधी वाटतं, मीही त्याच दिवशी गेले आहे, फक्त कोणाच्या लक्षात आलेलं नाही. फार भीती वाटते.

वामनरावांनी जनावरं लोधीखेड्याला मेव्हण्याकडे पोचवली. चाब्यांचा जुडगा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "वहिनी, बगीच्याकडं लक्ष असू द्या. आमचं सारं तेच हाय." मी मान हलवली. माणूस समोर बोलत असला की मान हलवायची असते, म्हणून हलवली.

गायत्री


पांढुर्णा,
१२ डिसेंबर

चि. गायत्री,

भिंतीला भीती वाटत नाही. तुला वाटते, म्हणजे तू आहेस. जास्त शहाणपणा करू नकोस.

वामनरावांनी लक्ष ठेवायला सांगितलं ना? मग ठेव. खिडकीतून नाही, आत जाऊन ठेव. झाडाझाडापाशी जा. आणि त्या बिचाऱ्यांसाठी जे करावंसं वाटेल ते कर, मागेपुढे पाहू नकोस, मला विचारत बसू नकोस. तुला माझी आण आहे.

पूनमजवळ लाडू दिले आहेत. या वेळी ते तुझ्या हातातच द्यायचे, असं तिला बजावलं आहे.

वच्छलाताई


सौंसर,
२६ डिसेंबर

प्रिय ताई,

आज 'ती.' लिहीत नाही, रागावू नका. आज तुम्ही मला मैत्रिणीसारख्या वाटता.

तुमचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी चाब्या घेऊन बगीच्यात गेले. ताई, काय दशा होती! पानं वळून गेलेली, माना टाकलेली, हात लावला की गळून पडत होती. जमिनीला भेगा. वामनराव तिकडे मीनाच्या उशाशी, आणि इथे त्यांचं सारं वाळून चाललेलं. त्यांना कुठून आठवणार पाण्याचं? मी एका खोडाला टेकून उभी राहिले आणि पोटात असं काही तुटलं, की मी चक्क मोठ्याने 'अगं बाई' म्हटलं. दहा महिन्यांत माझा आवाज मला पहिल्यांदा ऐकू आला.

जुडग्यात मोटारीच्या खोलीची चाबी होती. बटण दाबलं, ठिबकचे कॉक उघडले. लाईट असेल तेवढा वेळ रोज पाणी सोडते. कुठे नळी निघाली असेल तर बसवते, गुडघ्यापर्यंत चिखलात असते. चार-पाच दिवसांत पानं सरळ झाली! आता तर शेंड्यांना पोपटी पालवी फुटते आहे. मी भाकरी करते, खाते, झोपते. काल यांच्या फोटोसमोर उभी राहून सांगितलं की आज खालच्या ओळी झाल्या.

वामनरावांना फोन केला नाही. त्यांना परत आल्यावर दिसू दे. तुमच्या खिचडीचं आता मला कळलं. मी सुखात आहे, ताई. हा शब्द लिहायला लाज वाटते, पण आहे.

तुमची,
गायत्री


पांढुर्णा,
२७ डिसेंबर

चि. गायत्री,

तुझं पत्र वाचून भरून आलं. फार मनापासून केलंस.

आता मोटार आजच बंद कर आणि कॉकही बंद कर. थंडीत पाणी जास्त झालं तर मुळं कुजतात. झाडांचं पोट भरलं आहे. पुन्हा एक थेंब नको. पूनम मुद्दाम थांबेल, तिच्यासमोर बंद कर.

नीट जेवत जा.

वच्छलाताई


पांढुर्णा,
२७ डिसेंबर

श्री. वामनराव यांना वच्छलाबाईंचा नमस्कार.

मी तुमच्या शेजारच्या रघुनाथची मोठी बहीण. फोनवर मला ऐकू येत नाही, म्हणून कागदावर लिहिते आहे. पूनम याचा फोटो काढून तुमच्या मोबाइलवर पाठवेल. मीनाच्या आजारपणात हे लिहावं लागतं आहे, हात धजत नाही.

तुम्ही आंबिया बहारासाठी बगीचा ताणावर सोडला होता. माझा जन्म मोहगावच्या बगीच्यातला, मला सांगायला नको. महिना-दीड महिना पाणी तोडायचं, झाड सुकू द्यायचं, पानं गळू द्यायची, तेव्हा कुठे ते घाबरून फुलावर येतं. आमच्या गायत्रीला हे माहीत नाही. झाडं मरताहेत असं समजून तिने भर ताणात पाणी सोडलं. एकदा नाही, जवळजवळ दोन आठवडे. पालवी फुटली आहे. आता फूल येत नाही, हे तुम्हालाही कळतं आणि मलाही.

तिला मीच पाठवलं. मागेपुढे पाहू नकोस असं मीच लिहिलं, आणि वर आण घातली. म्हणून शिव्या द्यायच्या त्या मला द्या. ती आज कित्येक महिन्यांनी जेवते आहे, झोपते आहे. हे तिला कळलं तर काय होईल, याचा विचार करायलाही मला भीती वाटते. पण तुमच्या घरात एवढं चालू असताना मी तिच्यासाठी पदर पसरावा, हेही मला शोभत नाही. मी काय करू, तुम्हीच सांगा.

वच्छला


(वामनरावांनी मोबाइलवर लिहिलेलं, पूनमने उतरवून दिलेलं)

नागपूर,
१ जानेवारी २०२५

ताई, नमस्कार.

तुमची चिठ्ठी आली तवा मी औषधाच्या लाइनीत उभा होतो. खोटं काऊन बोलू, लय राग आला. मोबाइल फेकून द्यावा वाटला. सालभराची मेहनत हाय.

पन त्याच रोजी डॉक्टरनं मले बाजूले घेतलं. पोट उघडलं न् तसंच शिवलं, गाठ पसरली हाय म्हने. आता कापून फायदा नाही, घरी न्या, जितके दिवस निघतीन तितके. मीनाले मी सांगतलं का गाठ काढली, उन्हाळ्यापर्यंत तू उभी राहतं. ते हासली. आमची जयश्री पुन्याले नवीन नोकरीले लागली, तिलेबी काही सांगतलं नाही. आता तुमीच सांगा, बहार आला काय न् गेला काय.

वहिनीले सांगू नोका. रघुनाथभाऊ गेल्यापासून त्या बाईचा चेहरा मी रोज कुंपनातून पाहून राहिलो. हासून राहिल्या असन तं हासू द्या. मी इथं दिवसभर एका बाईले खोटं सांगून हासवून राहिलो, तिथं अजून एक. मीनाले सांगीन का ढगाळ हवेनं फूल गेलं.

तुमाले माह्या गळ्याची आन हाय.

वामन


सौंसर,
२२ जानेवारी

प्रिय ताई,

तुमचं पत्र नाही. बरं आहे ना?

वामनराव मीनाला घेऊन आले. गाठ काढली म्हणाले. ती फार वाळली आहे, पण घरी आली हे महत्त्वाचं. तिला अंथरुणावर ठेवून ते सरळ बगीच्यात गेले. मी कुंपणाशी उभीच होते. कधी पाहतात असं झालं होतं. नवी पानं अशी लवलवत होती, की मलाच माझं कौतुक वाटलं. त्यांनी एक फांदी हातात धरली, शेंड्यापर्यंत पाहिली, आणि तिथेच मातीत खाली बसले. मी जवळ गेले तर म्हणाले, "वहिनी, लय मेहनत घेतली तुमी." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. आपण केलेल्या कामाने कोणाला असं रडू येतं, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

रात्रभर तेच आठवत होते. आता पूनमला म्हणावं, संध्याकाळी चहा घेतल्याशिवाय बस पकडायची नाही.

गायत्री


सौंसर,
१७ फेब्रुवारी

वच्छलाताई,

आज बाजारातून ऑटोने येत होते. मोहगाव रस्त्याला लागलो आणि दोन्ही बाजूंनी संत्र्याच्या फुलांचा वास. मी शेजारच्या बाईला विचारलं, आमच्या शेजारी एवढा बगीचा आहे, तिथे असा वास का नाही? उत्तर ऑटोवाल्याने दिलं. "कसा यीन बाई? वामनच्या बगीच्यात कोन्या येड्यानं भर तानात पानी सोडून देल्लं. पाला फुटला नुसता." ताण म्हणजे काय, हेही त्याने समजावून सांगितलं. ऑटोत सगळे हसले. मीही हसले, ताई. घर येईपर्यंत हसत होते.

संध्याकाळी पूनमला समोर बसवलं. ती रडायला लागली आणि तिने मोबाइल दाखवला. तुमचं पत्र वाचलं, वामनरावांचं वाचलं. मीनाच्या गाठीचं खरं तेही कळलं.

मुळं कुजतात, असं लिहिलंत तुम्ही मला! लहान मूल खोटाखोटा स्वयंपाक करून वाढतं आणि मोठी माणसं बोटं चाटून दाखवतात, तसं तुम्ही सगळ्यांनी माझं सुख जपलंत. तो माणूस मातीत बसून रडला, आणि मी त्याचे अश्रू पाहून रात्रभर खूश होते. कोणीच मला दोन शब्द बोललं नाही. एवढी कीव करावी अशी झाले आहे का मी?

आणि सगळ्यात वाईट म्हणजे तुमच्यावर धड रागावताही येत नाही. मी त्या झाडांकडे पाहिलंच नव्हतं. मला बरं वाटत होतं, तेवढंच पाहत होते. काय लागतं, कोणाला विचारू, हे एकदाही मनात आलं नाही. यांच्या मागे वर्षभरात माझं म्हणून जे काही होतं ते तेवढेच दिवस होते. तेही आता राहिले नाहीत.

चहा बंद. पूनमला पाठवू नका.

गायत्री


पांढुर्णा,
१८ फेब्रुवारी

गायत्री, बाई,

दार लावून घेऊ नकोस. मला हव्या तितक्या शिव्या दे, पण कडी लावू नकोस.

सांगितलं असतं तर तू पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसली असतीस. रघुनाथच्या मागोमाग तुलाही पोचवायची ताकद माझ्यात नाही. म्हणून खोटं लिहिलं. कीव नव्हती गं, घाबरले होते मी. मोठी खिचडीच्या गोष्टी सांगणारी, पण घाबरले. तुझं ते आनंदाचं पत्र अजून उशीखाली आहे आणि मला ते पुन्हा वाचवत नाही.

रविवारी गौरवला घेऊन मी येते. माझ्या या पोराची गाडी दारात आली की ओरडून ओरडून गाव गोळा करीन, पण तुला बाहेर काढीन. तोवर जेव. काहीही खा, पण जेव. मी तुझ्या पाया पडते.

वच्छला


सौंसर,
२८ फेब्रुवारी

ती. वच्छलाताई यांना नमस्कार.

रविवारी तुम्ही दार ठोठावून, रडून परत गेलात असं पूनमने सांगितलं. मी दार लावून बसले नव्हते. मी घरात नव्हते. सगळं लिहिते.

शनिवारी मी सामान बांधलं होतं. जबलपूरला जाऊन एखादी खोली घ्यायची आणि इथलं तोंड पाहायचं नाही, असं ठरवलं होतं. जाण्याआधी वामनरावांची माफी मागायची म्हणून त्यांच्याकडे गेले. ते बाहेर गेले होते. मीना एकटी पडून होती. म्हटलं, बगीचा तिचाही आहेच. खाटेजवळ बसून तिला सगळं सांगितलं. तिला ढगाळ हवेचंच माहीत होतं.

ऐकून घेतलं, आणि हाताशी पाण्याचा पेला होता तो तिने मला फेकून मारला. लागला नाही, तेवढा जोरच नव्हता. "मी इथं मरून राहिली," ती ओरडली, "न् तुमी माह्या बगीच्यात सुख शोधून राहिल्या होत्या?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? ताई, एवढ्या दिवसांत माझ्याशी खरं बोललेलं ते पहिलं माणूस. मला तिच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं.

मग ती एकदम थांबली. रागात आपण काहीही बोलतो, तसं बोलली होती. पण ते शब्द तिला स्वतःलाच ऐकू आले. म्हणाली, "वहिनी, मी खरंच मरून राहिली का?"

खोटं माझ्या ओठांवर तयार होतं. काहीतरीच काय, उन्हाळ्यापर्यंत हिंडाल. असल्याच गोड खोट्यासाठी मी आठवडाभर तुम्हाला मनातल्या मनात शिव्या घालत होते. आणि खरं सांगितलं तर ते कोणासाठी? तिच्यासाठी, की माझा राग खरा होता हे मला दाखवायचं म्हणून? मी तिच्याकडे पाहिलं. पायांवर सूज होती, ओठांची सालं निघालेली होती, आणि डोळे माझ्यावरून हलत नव्हते. ती विचारत होती, ताई. मी सांगितलं.

तिने उशी तोंडावर दाबून धरली आणि आतल्या आत ओरडली. मला रडू आलं. हे गेल्यावर मी रडले नव्हते, ते सगळं तिथे निघालं. बऱ्याच वेळाने उशी बाजूला झाली. "तुमी काऊन रडून राहिल्या? तुमाले काय झालं?" म्हणाली. आणि मग, "जयश्रीले फोन लावा. आत्ता. त्याईले इचारू नोका." मी लावला.

जयश्री रविवारी सकाळी पोचली. तुम्ही इकडे दार ठोठावत होता तेव्हा मी तिकडे त्या मायलेकींना चहा करून देत होते. दोघी एवढ्या भांडत होत्या, की बाहेरचं काही ऐकू आलं नाही. आधी का नाही सांगितलं म्हणून मुलगी, आणि मलाच कुठे माहीत होतं म्हणून आई.

वामनराव माझ्याशी बोलत नाहीत. एकदाच बोलले. "बगीच्याचं मी काही बोललो का तुमाले? मंग हे काऊन केलं? ते हासून राहिली होती." आता मी आत गेले की ते मागच्या दाराने निघून जातात. बहार बुडाला तो त्यांनी पोटात घातला, हे ते घालणार नाहीत, आणि त्यांचं चुकतं असं मला म्हणता येत नाही.

सुख वाटतं का, असं विचाराल. नाही वाटत. बरोबर केलं की दुसऱ्यांदा तीच चूक केली, ते मला कळत नाही. पण दुपारी जयश्री कुंपणाशी येऊन हाक मारते, "काकू, आई बोलावते," आणि मी जाते. काय हवं ते विचारते. कधी पाय दाबून हवे असतात, कधी नुसतं गप्प बसायचं असतं.

काल मीनाने मला विचारलं, "तुमचे हे गेले, तवा त्याईले मालूम होतं का?"

नाही म्हटलं. यांनाही नाही आणि मलाही नाही. डॉक्टर शेवटच्या दिवसापर्यंत उद्या घरी सोडतो म्हणत होते, आणि आम्ही घराच्या रंगाबद्दल बोलत होतो.

ती माझा हात धरून तशीच पडून राहिली. मला वाटलं, झोपली. मग डोळे न उघडता म्हणाली, "मंग तुमाले लय बोलायचं राहून गेलं असन. बोला. मी ऐकून राहिली."

ताई, मी तिच्याजवळ बसून यांच्याशी बोलले. दिवे लागेपर्यंत बोलले.

गायत्री